मोटरसायकलवरून टाकलेली श्रद्धांजली

माझ्या धाकट्या चुलतभावाची मान उजव्या अंगाला वाकडी आहे. जन्मला तेव्हा ती सरळ होती. मी पाहिली आहे. लग्नातही सरळ होती, नाहीतर बाशिंग घसरलं असतं. ती वाकडी झाली मोटरसायकलवर. उजवा कान आणि उजवा खांदा यांच्या मध्ये फोन दाबायचा आणि तशा अवस्थेत दिग्रसहून यवतमाळ गाठायचं, तसंच परत यायचं, असं हा गृहस्थ इतकी वर्षं करत आला आहे की आता फोन नसला तरी गाडीवर बसल्याबरोबर त्याची मान आपोआप पडते. समोरून येणाऱ्याला वाटतं, बिचारा कसल्यातरी दुःखात आहे. मागे बसणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. मी मागे बसलेलो आहे.

मागे बसण्याचं सुख काय असतं तेही सांगतो. नुकतंच जेवण झालं असेल तर घटकाभर थांबून वाचा. हा गडी गाडी चालवताना खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खातो. खर्रा तोंडात असतानाच फोनवर बोलतो. पलीकडच्याला वाऱ्यामुळे ऐकू येत नाही म्हणून हा ओरडून बोलतो. आणि वारा समोरून येतो. बस, एवढंच. आमच्याकडे गाडीवर बसताना तोंडाला दुपट्टा बांधतात तो उन्हासाठी आणि धुळीसाठी, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. वाटू द्या.

त्याच्या गाडीला मी गाडी म्हणत नाही. ते चाकांवर ठेवलेलं मोबाईलचं दुकान आहे. हँडलवर एक स्टँड, त्यात ताटलीएवढा फोन. त्याला बॅटरीपासून काढलेली वायर, जागोजागी काळी चिकटपट्टी लावलेली, पावसात तिच्यातून ठिणगी उडते आणि हा म्हणतो, ‘करंट चालू हाय म्हणजे.’ दुसरा लहान फोन डोक्याच्या दुपट्ट्यात, कानाशी खोचलेला. डाव्या कानात एक काळं बोंडूक, ते निळं लुकलुकतं. हेल्मेट आहे, पण ते कोपरात अडकवलेलं. त्या हेल्मेटवर त्याने ऑनलाइन मागवलेला कॅमेरा बसवला आहे. त्यामुळे त्या कॅमेऱ्यात आजपर्यंत फक्त त्याची स्वतःची मांडी आणि रस्त्याकडेची कुत्री आली आहेत. शिवाय फोनमधली ती बाई. ज्या रस्त्यावर याचा जन्म गेला, त्या रस्त्यावर ती त्याला सांगत असते, ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा.’ आणि हा मान डोलावतो!

तर गोष्ट फाल्गुनातली आहे. सकाळीच उमरखेडहून निरोप आला की आमची लहानी आत्या गेली. माझ्या वडिलांना दोन बहिणी. लहानी उमरखेडला दिलेली, मोठी पुसदच्या पुढे, उमरखेडच्याच वाटेवर एका फाट्यावरून आत गेलं की लागणाऱ्या गावात. वडील आता नाहीत. घरात मोठे म्हणजे काका, या वाकड्या मानेच्या भावाचे वडील. काकांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

“मोठीले कोनी फोन करायचा नाई,” काका म्हणाले. “तिच्या सुनेले बी नाई. त्या पोरीच्या पोटात कायी राहत नाई. मोठीचं काळीज कमजोर हाय, अन् लहानीवर तिचा जीव हाय. तुम्ही दोघं पुढं जा. तिच्याजवळ बसा. पाणी जवळ ठेवा, तिचा हात धरा, अन् मंग सांगा. ते रडली की तिले संग घेऊन उमरखेडले या. मी सगळ्यायले घेऊन गाडीनं थेट तिकडं निघतो. मोठी आल्याबिगर कोनाले उचलू देत नाई.”

मग त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. आत कोरं हिरवं लुगडं. आमच्यात बाई गेली की शेवटचं लुगडं तिच्या माहेरचं असतं. बाई कितीही म्हातारी होऊन मेली तरी माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. काका दुकान उघडायच्या आधी दुकानदाराच्या घरी जाऊन ते घेऊन आले होते.

“आणि तू,” काका आपल्या मुलाला म्हणाले, “रस्त्यानं तो डब्बा बंद ठेव.”

“हो बाबा,” तो म्हणाला. मान वाकडी होतीच, त्यामुळे होकार फार नम्र दिसला.

दिग्रसची शेवटची कापसाची जिनिंग मिल मागे पडेपर्यंत त्याने शब्द पाळला. मग दुपट्ट्यात फोन वाजला. मग बोंडुकात वाजला. मला दिसत होती फक्त त्याची पाठ, पण पाठ सुद्धा बोलत होती. “हो... सकाय... अचानक... बस, काय सांगाव.” खर्रा उडाला. मी लुगड्याची पिशवी पोटाशी धरली आणि दुपट्ट्याची आणखी एक घडी तोंडावर घेतली. समोर तुरीच्या कुटाराने, म्हणजे भुशाने, भरलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता आणि आमची गाडी त्याच्या मागे डुलत होती, कारण हा आता एका हाताने चालवत होता. डावा अंगठा हँडलवरच्या फोनवर.

“काय करून राह्यला रे?”

“स्टेटस टाकून राह्यलो, दादा.”

“आता?”

“आता नाई त कवा? उमरखेडचा तिचा जावई लय फास्ट हाय. त्यानं पहिले टाकली श्रद्धांजली, म्हणजे मंग आपण माहेरचे असून मागं. लोकं काय म्हणतीन?”

“समोर पाय! ट्रॅक्टर पाय!”

“पाहून राह्यलो न. ट्रॅक्टर कुठी जाते?”

इथे मला थोडं थांबून माझी किळस नीट मांडू द्या, कारण त्या वेळी गाडीवर ती मांडता आली नाही. आमच्या जिल्ह्यात माणूस मेल्यावर त्याचा देह थंड व्हायच्या आत त्याचा फोटो दोन कमळं आणि एक समई यांच्या मध्ये जाऊन बसतो. हे मी समजू शकतो. घरात बसून करा, चौकात बसून करा. पण चालत्या गाडीवर, थुंकीने बरबटलेल्या काचेवर, एका अंगठ्याने, जिने याला कडेवर घेऊन बोरं चारली तिचा चेहरा पुढेमागे ओढायचा, आणि का, तर पहिला नंबर यावा! मला त्या वेळी त्याची मान सरळ करून द्यावीशी वाटली. दोन्ही हातांनी. पण गाडी तो चालवत होता, आणि मला माझा जीव प्यारा आहे.

फोटो कोणता घ्यावा याच्यावर त्याचा बराच रस्ता गेला. शेवटी एका लग्नातला सापडला. दोघी आत्या शेजारीशेजारी खुर्च्यांवर बसलेल्या, एकच नाक, एकच हनुवटी, डोक्यावर सारखाच पदर. लहानी डावीकडे, मोठी उजवीकडे. हा पठ्ठ्या लहानीला चौकटीत आणत होता. अंगठा आणि बोट लावून चौकट बरोबर तिच्या चेहऱ्यावर आणली, दाबणार एवढ्यात समोर खड्डा आला. खड्डा त्याला दिसला नाही, कारण खड्डा फोनमध्ये नव्हता. गाडी उडाली, मी उडालो, पिशवी उडाली आणि परत पोटाशी आली. अंगठाही जिथे पडायचा तिथे पडला.

“गेलं,” तो म्हणाला. “झालं, दादा. सगळ्या ग्रुपवर बी टाकलं. आपला पहिला नंबर.”

काचेवर ऊन पडलं होतं. चौकटीत कोण आलं आणि कोण बाहेर राहिलं ते त्यालाही दिसलं नाही, मलाही नाही. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या लाडक्या आत्याबाई’. नाव घालायला वेळ कुणाला होता?

मग फोनची झड लागली. पुसद गावातून आम्ही गेलो ते गाडीवर गेलो की फोनवर, सांगता येणार नाही. चौकात शिटी वाजली तरी हा थांबला नाही, त्याला वाटलं बोंडुकात वाजली. एक फोन मला चांगला आठवतो, कारण तेव्हा त्याने गाडी अगदी रस्त्याच्या मधोमध घेतली होती आणि मागून ट्रक ओरडत होता. पलीकडे मोठ्या आत्याचे व्याही होते, तिच्या सुनेचे वडील.

“हो मामाजी... सकाय... आम्ही रस्त्यातच हाव. आत्याकडंच चाललो... हो, घरीच... मोठ्या आत्याच्या घरीच जाऊन राह्यलो... हो हो, या तुम्ही, तिथंच या.”

“काय विचारत होते?” मी म्हणालो.

“कायी नाई. माती कुठी हाय म्हणत होते.”

“मंग तू काय सांगतलं?”

“सांगतलं न, या म्हणून.”

आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. त्याला विचारलं होतं एक, त्याने ऐकलं अर्धं आणि उत्तर दिलं तिसऱ्याच गोष्टीचं. पण ट्रक जवळ आला होता, आणि मी अधिक चौकशी केली नाही.

फाट्यावरून आत वळलो तेव्हा आम्हाला एक मोटरसायकल मागे टाकून गेली. चालवणाऱ्याची मान डावीकडे वाकडी. म्हणजे तो दुसऱ्या घराण्याचा. मागचा माणूस खांद्यावर दोन लांब हिरवे बांबू घेऊन बसला होता.

“गावात आणखी कोनी गेलं वाटते,” मी म्हणालो. “आजचा दिवसच वाईट दिसते.”

“हो न,” भाऊ म्हणाला आणि हळहळला.

आत्याच्या अंगणात ते बांबू भिंतीला टेकवलेले दिसले.

अंगणात माणसं होती. आत्याचे व्याही खुर्चीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर झेंडूचा हार, हातात चहाची बशी, आणि चेहरा असा की हार घालावा की चहा प्यावा हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. दोन शेजारणी पदराने डोळे पुसत होत्या, पण हसून हसून. आणि मधोमध खाटेवर धुतलेली चादर पसरून, मुगाचं वाटण बोटांवर घेऊन, टपाटप वड्या घालत आमची मोठी आत्या बसली होती. बाजूला कावळे हाकलायची काठी.

“आले!” ती ओरडली. “आले माह्ये मारेकरी! या बापू, या. बसा. माती व्हायची हाय अजून. माह्यं काम आटोपलं की जाऊ.”

सुनेने फोन माझ्यापुढे धरला. दोन कमळं, समई आणि मध्ये मोठी आत्या. गालातल्या गालात हसत होती. लहानीच्या खांद्याचा एक कोपरा तेवढा चौकटीत आला होता.

मी भावाकडे पाहिलं. तो फोनकडे पाहत होता. त्याने खर्रा गिळला.

“पाय ना,” आत्या म्हणाली, “फोटो बरा निंघाला. तेरवीले हाच लावजा.” आणि परत हसायला लागली.

तिला हे इतकं आनंदाचं का वाटत होतं ते सांगितलं पाहिजे. आमच्या भागात कुणाच्या डोक्यावर कावळा बसला तर तो अपशकुन समजतात. त्यावर जुना तोडगा असा: त्या माणसाच्या आप्तांना तो मेल्याची खोटी खबर धाडायची. ते चार लोक रडले की संकट रडण्यावर जातं आणि माणसाचं आयुष्य वाढतं. पूर्वी खबर घेऊन माणूस जाई, आता फोन जातो. आत्याने हिशेब सरळ लावला होता.

“सकायपासून वड्यावर कावळे येऊन राह्यले,” ती शेजारणीला सांगू लागली. “एखादा बसला असंन डोक्यावर, मले हाकलायच्या नादात समजलं नाई. या सुनेनं पाह्यलं असंन, अन् देल्ली खबर. म्हणते, मी नाई देल्ली. नसंन देल्ली त नसंन देल्ली! कोनं बी देल्ली, वाढलं न आयुष्य? आता दहा वर्षं मी कायी जात नाई. व्याहीबुवा, चहा प्या. हार त्या गाईले घाला.”

व्याह्यांनी निमूटपणे उठून गाईला हार घातला. गाईने तो खायला सुरुवात केली.

आणि मला हिला सांगायचं होतं.

काका म्हणाले होते तसं सगळं मी केलं. खाटेजवळ बसलो. पिशवी मांडीवर घेतली. सुनेला म्हणालो, “वहिनी, एक तांब्या पाणी आणा.”

“पाणी कायले?” आत्या म्हणाली. “माह्या तोंडात सोडाले?”

अंगण हसलं. मीही हसलो, देवाशपथ, तोंड आपोआप हसलं. मग मी तिचा हात धरला. तो मुगाने माखलेला होता.

“आत्या, हे खोटं होतं,” मी म्हणालो. “पण एक खरं हाय. लहानी गेली.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत हसू आणखी वर आलं.

“तिच्या बी डोक्यावर बसला काय? आज कावळ्यायले दुसरं कामच नाई दिसत!”

“आत्या, मी खरं सांगून राह्यलो. सकाळी. झोपेतच.”

“सांगा, सांगा. तिचं बी वाढू द्या.” तिने हात सोडवून घेतला आणि पुढची वडी घातली. “थे माह्यापेक्षा लहान हाय. तिचं वाढलंच पायजे.”

काकांनी मला रडणाऱ्या बाईसाठी तयार करून धाडलं होतं. हसणाऱ्या बाईला काय सांगायचं ते कुणीच सांगितलं नव्हतं. मी तिसऱ्यांदा सांगितलं. आवाज जरा चढलाही असेल. व्याह्यांनी बशी खाली ठेवली, सुनेने तोंडावर पदर घेतला. सगळ्या अंगणाला कळलं. फक्त आत्याला कळलं नाही, कारण तिच्या हातात एक खोटी खबर आली होती आणि तिच्याशेजारी दुसरी खरी ठेवायला जागा नव्हती.

तेवढ्यात आमचा दिव्य पुरुष पुढे आला.

“आत्या, खोटं वाटते काय?” तो म्हणाला. “थांब, व्हिडिओ लावून देतो.”

मी त्याला थांबवेपर्यंत त्याने लावलाही. उमरखेडला कुणीतरी उचलला. आधी एक छत दिसलं, मग कुणाचा तरी अंगठा, मग रडण्याचा आवाज आणि त्यात कुणीतरी म्हणत होतं, ‘उभा नको धरू, आडवा धर, आडवा.’ मग पांढरी चादर. हा फोन आत्याच्या नाकासमोर धरून उभा. काचेवर त्याच्या खर्ऱ्याचे शिंतोडे वाळलेले. त्या शिंतोड्यांच्या मागे लहानी.

आत्याने पाहिलं सुद्धा नाही. मुगाच्याच हाताने फोन बाजूला सारला.

“बंद कर थो डब्बा. त्याच्यात त मी बी मेलेली हाय.”

फोनमधून उमरखेडचा माणूस म्हणत राहिला, ‘दिसते काय? दिसते काय?’ भावाने फोन बंद केला. त्याच्या आयुष्यात त्याने समोरच्याचं बोलणं संपायच्या आत फोन बंद केल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी कशासाठीतरी उठलो, बहुतेक पाणी प्यायला. मांडीवरची पिशवी खाली घसरली आणि तिच्यातून लुगड्याचा काठ बाहेर आला.

“हे काय हाय?” आत्याने विचारलं.

मी पिशवी तिच्यापुढे सरकवली.

तिने हात आधी पदराला पुसले. दोन्ही हात, बोटांच्या मधून सुद्धा. मग लुगडं बाहेर काढलं. घडी मोडली नाही. काठावरून बोट फिरवलं, पोत पाहिला. आत अजून दुकानाची चिठ्ठी टाचलेली होती.

“कोनं आणलं?”

“काकानं,” मी म्हणालो. “दुकानदाराले झोपेतून उठवून.”

ती लुगड्याकडे पाहत राहिली.

“कावळ्याच्या खबरीले लुगडं नाई घेत कोनी,” ती म्हणाली.

एक कावळा खाटेवर उतरला. मग दुसरा. ओल्या वड्यांवर ते टोचा मारू लागले. काठी आत्याच्या पायाशी होती. कुणी हाकललं नाही.

ती रडेल म्हणून आम्ही थांबलो होतो. ती रडली नाही. आत गेली आणि साडी बदलून आली. लुगडं परत पिशवीत घातलं, पिशवी काखेत घेतली. सुनेने सांगितलं की गावातला ऑटो पुसदला गेला आहे, तासाभरात येईल.

“मी नाई थांबत,” आत्या म्हणाली. “गाडी काढ.”

आणि मग भावाच्या समोर जाऊन तिने हात पुढे केला.

“दे इकडं.”

“काय?”

“सगळे डब्बे.”

त्याने हँडलवरचा दिला. तिचा हात तसाच. दुपट्ट्यातला दिला. हात तसाच. मग कानातलं बोंडूक काढून तिच्या तळव्यावर ठेवलं, ते तिथेही लुकलुकत होतं. तिने ते सगळं पिशवीत, लुगड्याच्या खाली घातलं. कोपरातलं हेल्मेट तिने त्याच्या डोक्यावर आपल्या हाताने बसवलं, जोरात, भांड्यावर झाकण बसवावं तसं. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा त्या कॅमेऱ्याला रस्ता दिसला.

“देवानं दोन हात देल्ले तुले,” ती म्हणाली. “दोन्ही गाडीले लाव.”

आम्ही तिघं निघालो. भाऊ पुढे, आत्या मधे, मी मागे. तिघांनी बसणं कायद्यात बसत नाही हे मला माहीत आहे, पण त्या जिल्ह्यात ती गाडी त्या दिवशी पहिल्यांदाच कायद्यासारखी चालली. डाव्या बाजूने. खड्डा आला की हळू. खर्ऱ्याची पुडी त्याने फाट्यावरच फेकून दिली होती, आत्याने सांगितलं म्हणून नव्हे, तिने काही सांगितलंच नाही, म्हणून.

पिशवी आत्याच्या मांडीवर होती आणि तिच्यात सारखं वाजत होतं. एक फोन संपला की दुसरा. उमरखेडचे लोक असतील, ‘कुठी आले?’ विचारायला. एरवी हा प्रत्येकाला म्हणाला असता, ‘आलोच, पाच मिनटं.’ आता कुणीच काही म्हणत नव्हतं. प्रत्येक वेळी वाजलं की पुढे हेल्मेट थोडं उजवीकडे झुकायचं. खांदा वर यायचा. मग त्याला आठवायचं आणि हेल्मेट सरळ व्हायचं. पुन्हा वाजायचं, पुन्हा झुकायचं. मला ते पाहून हसू येत होतं आणि मला हसायचं नव्हतं. आत्याच्या पाठीवर माझा हात होता. ती पाठ अधूनमधून आतून हलत होती. आवाज काही नव्हता. वाऱ्यात तसाही आला नसता.

उमरखेडला दारात गर्दी होती. आत्या गाडीवरून उतरली तशा दोन बायका किंचाळल्या आणि एकीच्या हातातून कळशी पडली. त्यांनी सकाळपासून दोन्ही बहिणींसाठी रडून घेतलं होतं.

“सरका,” आत्या म्हणाली. “मी जित्ती हावो. जे गेली तिच्याजवळ जाऊ द्या.”

काका पुढे आले. त्यांनी आत्याचा चेहरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या मुलाकडे पाहिलं. श्रद्धांजली त्यांनीही पाहिली होती. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

आत शूटिंग घ्यायला फोनच फोन वर झाले होते. आत्या त्यांच्या खालून वाकून गेली आणि लहानीच्या उशाशी बसली. लुगडं काढलं. एक टोक आपल्या हातात घेतलं आणि दुसरं मागे न पाहता पुढे केलं.

“धर,” ती भावाला म्हणाली. “दोन्ही हातानं.”

त्याने धरलं. दोघांनी मिळून ते पसरलं, लहानीच्या पायांपासून गळ्यापर्यंत. हिरवा रंग तिला शोभत होता की नाही हे पाहायची माझी हिंमत झाली नाही. आत्या खाली वाकली. इतकी, की तिचं तोंड लहानीच्या कानाशी गेलं. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

“लहाने, माह्यी खबर खोटी होती,” ती म्हणाली. “मले वाटलं, तुह्यी बी तशीच असंन.”

आणि मग ती रडली.

कोपऱ्यात टाकलेल्या पिशवीत फोन वाजायला लागला. सगळ्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग भावाकडे. तो गुडघ्यांवर बसला होता, लुगड्याचं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरून. फोन वाजत राहिला. त्याची मान हळूहळू उजवीकडे पडत गेली, खांदा वर आला, कान टेकला. तिथे काहीच नव्हतं. टोक त्याने सोडलं नाही.